भरतकामाचे वेस्टर्न बूट भेट देताना
वेस्टर्न बुटांना, म्हणजे अमेरिकी काउबॉय घालतात तशा बुटांना, नाडी नसते आणि पायाच्या वरच्या उंचवट्यावरील पकडीनेच ते टिकतात; म्हणून नक्षीच्या आधी माप पाहावे, आणि तेही अंदाजाने नव्हे, तर त्या व्यक्तीच्या नेहमीच्या बुटावर छापलेला आकडा पाहून. अमेरिकी मापात स्त्रियांचा आकडा पुरुषांच्या आकड्यापेक्षा साधारण दीडने जास्त असतो. रुंदीसाठी वेगळे अक्षर असते, त्यात स्त्रियांसाठी बी आणि पुरुषांसाठी डी ही नेहमीची रुंदी होय. नव्या बुटात टाच किंचित वर सरकते. सोल लवचीक झाला की ते कमी होते.

पोटरीवरच्या भागातील शिलाईच्या ओळी केवळ शोभेच्या नसतात, त्या चामड्याला ताठपणाही देतात. भरतकाम पारखताना बुटाच्या आत हात घालून पाहावा, कारण अस्तर नसल्यास धाग्यांच्या गाठी पोटरीला टोचतात. घोट्याजवळ चामडे प्रत्येक पावलाला मुडपते. तिथे दाट भरतकाम असलेला जोड मी तरी टाळेन. पोटरीचा घेर ठाऊक नसेल तर आखूड उंचीचा जोड घ्यावा आणि बदलून मिळण्याची मुदत आधीच विचारून ठेवावी.