मृगातला तेजोमेघ टिपताना या चुका टाळा

मोठी दुर्बीण हाती आली की बहुतेकांचा पहिला नेम एम-४२ वर. मृग नक्षत्रातला हा तेजोमेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर असूनही नुसत्या डोळ्यांना धूसर दिसतो, म्हणून सोपा वाटतो. फोटोत तोच सगळ्यात जास्त फसवतो.

पहिली आणि सर्रास चूक म्हणजे जळालेला गाभा. मधोमध पांढरा डाग, आणि ट्रॅपेझियमचे (गाभ्यातल्या ताऱ्यांच्या गटाचे) चारही तारे त्यात गडप! कडेचे पंख अगदी मंद, गाभा भलताच तेजस्वी. पंखांसाठी दोन-तीन मिनिटांचं एक्स्पोजर दिलं की गाभ्याचे पिक्सेल काठोकाठ भरतात. मग सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर कितीही ओढा, पांढऱ्याचं फार तर राखाडी होईल. त्याच रात्री ५ ते १० सेकंदांच्या वीस-तीस फ्रेम वेगळ्या घ्या. एक फ्रेम स्क्रीनवर मोठी करून बघा: चारही तारे सुटे दिसले तर एक्स्पोजर बरोबर, नाहीतर आणखी कमी करा. दोन्ही संच वेगवेगळे स्टॅक करून (म्हणजे फ्रेम एकावर एक रचून) सॉफ्टवेअरमधल्या मास्कने जोडा, म्हणजे गाभा छोट्या एक्स्पोजरचा आणि पंख मोठ्याचे.

तारे लांबट आले की लोक लगेच माउंटला, म्हणजे दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणाऱ्या बैठकीला, दोष देतात. आधी ते कुठे लांबट आहेत ते बघा. फ्रेमभर एकाच दिशेला असतील तर ट्रॅकिंग किंवा ध्रुव-जुळणीचा (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखण्याचा) घोळ. (मुंबई-पुण्याहून ध्रुवतारा जेमतेम १८-१९ अंश वर असतो, उत्तरेला डोंगर असलेली जागा निवडूच नका.) फक्त कोपऱ्यांत शेपट्या असतील तर तो कोमा, म्हणजे कडेला प्रतिमा ओढली जाण्याचा दोष; करेक्टर (तो दोष घालवणारं भिंग) ते कॅमेऱ्याचा सेन्सर हे अंतर मोजा, बहुतेक करेक्टरना ५५ मिमी लागतं. मध्यभागीही शेपूट दिसली तर कोलिमेशन (आरशांची एका रेषेतली जुळणी) हललंय. गाडीतून दुर्बीण नेल्यावर ते तपासायचंच.

लाल रंग फिका म्हणून सॅच्युरेशन वाढवू नका, चेहरामोहराच बिघडतो. साध्या डीएसएलआरमधला फिल्टर हायड्रोजन-अल्फाचा, म्हणजे तेजोमेघातल्या हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो. फिल्टर बदललेला कॅमेरा नसेल तर फ्रेम वाढवा.

डिसेंबरच्या मध्यावर एम-४२ मध्यरात्रीच्या सुमारास याम्योत्तर वृत्त (आकाशातली डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो. जर्मन इक्वेटोरियल माउंट तेव्हा दुसऱ्या बाजूला फिरवावा लागतो आणि जड आरसा जागचा किंचित सरकू शकतो. बातिनोव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची फोकस तपासायची जाळी) लावून फोकस पुन्हा बघा, केबल अडकली नाही ना तेही बघा, मगच पुढची फ्रेम.