फर्मवेअर बदलायच्या आधी काय काय हाताशी हवं

आमच्या अमळनेर तालुक्यातल्या शाळेत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे चौदा छोटे लॅपटॉप आहेत. नाव एक्सओ. ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून एके काळी ज्याची जगभर चर्चा झाली, तोच हा. भारतात त्याचा पहिला प्रयोग 2007 मध्ये आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या गावच्या शाळेत झाला. आमच्याकडे आलेले नग वापरलेले, जुने आहेत, पण पोरांचा त्यांच्यावर जीव आहे. त्यांच्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, तर आधी फर्मवेअर नवं लागतं. हे काम मी दोनदा केलं. पहिल्यांदा एक लॅपटॉप माझ्या हातून कायमचा गेला, दुसऱ्यांदा सगळे वाचले. फरक पडला तो फक्त तयारीचा. ज्या गुरुजी-बाईंच्या शाळेत असे लॅपटॉप असतील, त्यांच्यासाठी ती तयारी इथे लिहून ठेवतोय.

फर्मवेअर म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम. पहिल्या मॉडेलच्या एक्सओत तो 1 एमबीच्या एका वेगळ्या चिपवर असतो. पोरांची चित्रं, गोष्टी, रेकॉर्डिंग असतात 1 जीबीच्या दुसऱ्या साठ्यात, त्याला हा बदल हात लावत नाही. तरीही पहिलं काम म्हणून जर्नलमधलं, म्हणजे पोरांचं सगळं काम जिथे जमा होतं त्या यादीतलं, सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. लॅपटॉपच सुरू झाला नाही, तर आत सुखरूप असलेल्या गोष्टीही हाती लागत नाहीत. माझ्या हातून गेलेल्या लॅपटॉपमध्ये सहावीतल्या एका मुलीनं तिच्या आजीची आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी रेकॉर्ड केली होती. आजी आहे, गाणी पुन्हा म्हणाली, पण पहिल्यांदा म्हणताना ती मध्येच हसली होती, ते गेलं ते गेलंच. म्हणून आता एकेक लॅपटॉप उघडून, प्रत्येकाचा वेगळा फोल्डर करून, मुलाच्या नावानं ठेवतो. यात अख्खा दिवस जातो. जाऊ द्या.

आता लाईट. चिपवर लिहिणं चालू असताना वीज तुटली, तर अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर जागं होत नाही आणि लॅपटॉप मुका पडतो. मग तो खोलून, प्रोग्रामर नावाच्या बाहेरच्या यंत्रानं चिप पुन्हा लिहावी लागते आणि ते करणारा माणूस आपल्याकडे सहज मिळत नाही. एक्सओ बनवणाऱ्यांना हा धोका माहीत होता, म्हणून अडॅप्टर लावलेला नसेल किंवा बॅटरी नसेल, उतरलेली असेल, तर तो फर्मवेअर बदलायला साफ नकार देतो. दोन्ही एकदम हवेत. एक गेलं तरी दुसरं सांभाळतं. माझ्या वेळी दोन्ही होते. पण बॅटरीची एक खिट्टी तुटलेली होती, हे मी पाहिलं नव्हतं. लिहिणं चालू असताना मागून पोरं ओरडली, “गुरुजी, लाईट गयी!” मी घाबरून लॅपटॉप उचलला आणि बॅटरी जागेवरून सरकली. टेबलावर तसाच राहू दिला असता, तर काही झालं नसतं.

म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक लॅपटॉप पालथा घालून दोन्ही खिट्ट्या बोटानं तपासा. ढिली वाटली तर तो नग बाजूला ठेवा. बॅटरी काढलेलीच आहे तर तिच्या खोबणीत छापलेला सिरियल नंबर वहीत उतरवून घ्या, पुढे लागतो. मग बॅटरी पूर्ण भरा. बॅटरीचा दिवा पिवळा म्हणजे भरतेय, हिरवा म्हणजे भरली, लाल म्हणजे उतरली. लाल दिवा लुकलुकत असेल तर बॅटरीतच बिघाड आहे, तिच्यावर विसंबू नका. एक्सओला 11 ते 18 व्होल्ट डीसी चालतो. त्यामुळे लाईटचा भरवसा नसेल तिथे योग्य पिन आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नीट बघून सोलरच्या किंवा ट्रॅक्टरच्या 12 व्होल्ट बॅटरीवरही तो चार्ज करता येतो. प्रत्यक्ष फर्मवेअर बदलताना मात्र मी हा जुगाड करत नाही. तेव्हा अडॅप्टरच, आणि तो इन्व्हर्टरच्या बोर्डात.

वेळ सकाळची निवडा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 च्या पुढे जातो आणि तापलेली बॅटरी नीट चार्ज होत नाही. दुपारनंतर वावटळ, वळीव, तुटलेल्या तारा, हे सगळं ओळखीचं आहेच. मी सहा वाजता कुलूप उघडतो, नऊच्या आत काम आटोपतो. लाईनमनला आदल्या दिवशी फोन करून दुरुस्तीसाठी लाईट बंद ठेवायची आहे का, तेही विचारून घेतो. आमचा लाईनमन सांगतो, माणूस भला आहे.

फाइल निवडताना घाई करू नका. एक्सओचे चार अवतार निघाले आणि बाहेरून पहिले दोन तर जुळ्या भावांसारखे दिसतात. पहिल्याच्या, म्हणजे एक्सओ-1 च्या फर्मवेअरचं नाव क्यू2 नं सुरू होतं, एक्सओ-1.5 चं क्यू3 नं, 1.75 चं क्यू4 नं आणि एक्सओ-4 चं क्यू7 नं. आमच्या चौदांत दोन 1.5 निघाले, मला वर्षभर पत्ताच नव्हता. आत काय आहे ते असं बघायचं: शुगरच्या, म्हणजे एक्सओवर पोरं जे वापरतात त्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये ‘माझ्या कम्प्युटरविषयी’ भागात मॉडेल, सिरियल नंबर आणि फर्मवेअरची आवृत्ती दिसते. प्रत्येक नगावर कागदी चिकटपट्टी लावून मॉडेल आणि सध्याची आवृत्ती पेनानं लिहा. आधीच नवी आवृत्ती असेल त्या नगाला हात लावायचं कारण नाही. चालतंय ते चालू द्या.

एक्सओ-1 ची फाइल नेमकी 10,48,576 बाइटची असते. कमी भरली तर डाउनलोड अर्धवट झालंय. आमच्या गावात नेट मध्येच तुटतं, म्हणून मी अमळनेरला जाऊन फाइल उतरवली आणि आकडा तिथेच पडताळला. दिलेला एमडी5, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायचा आकडा, जुळवता आला तर फारच उत्तम. पेनड्राइव्ह फॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा, एनटीएफएस चालणार नाही. छोटा, जुना असला तरी चालेल, मात्र त्याच्यावर दुसरं काही ठेवू नका. आणि असे दोन करा.

कुलूपबंद नगांचा प्रश्न वेगळा आहे. काही लॅपटॉपवर सुरक्षा चालू असते. ते फक्त डिजिटल सही केलेली फाइल स्वीकारतात, ती पेनड्राइव्हवर ‘बूट’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. जे खुले आहेत त्यांना चालू करून सुरुवातीची धून वाजली, की डाव्या कोपऱ्यातली एस्केपची कळ दाबायची. पांढऱ्या पडद्यावर ‘ओके’ अशी अक्षरं येतात, फर्मवेअर बदलायचा आदेश, फाइलचं नाव टाइप करून, तिथून देता येतो. आपला नग यापैकी कुठला, हे आदल्या दिवशीच कळायला हवं. ओके आलं नाही तर तो कुलूपबंद आहे, त्याच्याशी झटापट करू नका.

ओके आलं, की आणखी एक तपासणी उरकून घ्या, ती माझी आवडती आहे. हे फर्मवेअर फोर्थ नावाच्या भाषेत लिहिलेलं आहे आणि ती भाषा तिथे जिवंत असते. 2 3 + . असं, मध्ये मोकळी जागा सोडत, टाइप करून एंटर दाबा. 5 असं उत्तर येतं. गणिताची खूण आकड्यांच्या नंतर येते, हे पाहून पोरं चकित होतात, आणि मला कळतं की रबरी कीबोर्ड नीट चालतोय. या कीबोर्डच्या कळा दबून अडकतात, हा त्यांचा जुना आजार आहे. अडकलेल्या कळेमुळे फाइलचं नाव चुकतं. शंका असेल तर यूएसबी कीबोर्ड लावा, मागितला तर शेजारच्या हायस्कूलमध्ये मिळतो.

घड्याळही बघून घ्या. आतला छोटा सेल संपला की तारीख मागे जाते, आणि कुलूपबंद नग ‘तारीख चुकीची’ असा निरोप दाखवून थांबून राहतो. असा नग आज करायच्या यादीतून काढा.

खोलीत माणसं दोनच ठेवा. एक मी आणि एक मोठा विद्यार्थी, जो पडद्यावर येणारा प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचतो आणि वहीत टिपतो. आधी फाइल वाचली जाते, तपासली जाते. मग कारखान्यातली जुनी माहिती, म्हणजे सिरियल नंबर वगैरे, नव्यात मिसळली जाते. नंतर जुनं पुसलं जातं, नवं लिहिलं जातं आणि लिहिलेलं पडताळलं जातं. पुसायला लागल्यापासून पडताळणी होईपर्यंत टेबलाला कुणी हात लावायचा नाही. लाईट गेली तरी नाही. दरवाजाला आतून कडी. बाकीची पोरं ओसरीवर बसतात, त्यांना मी आधीच सांगून ठेवतो की आत काही वेळ बोलू नका. ऐकतात, कारण लॅपटॉप त्यांचेच आहेत.

पडताळणी संपल्यावर तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पडदा काळा झाला तरी घाबरून बटण दाबू नका. धून वाजली, शुगर उघडली, की आवृत्ती पुन्हा बघा, चिकटपट्टीवरचा जुना आकडा खोडून नवा लिहा आणि एखाद्या पोराला हाक मारून त्याच्या जर्नलमधलं एक चित्र उघडायला सांगा. ते उघडलं, की पुढचा लॅपटॉप टेबलावर.