चष्मा घालवण्याआधी कॉर्नियाचा हिशोब

लेसिक, म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया, करता येईल का, हे नुसत्या नंबरावर ठरत नाही, कॉर्नियावर ठरतं. डोळ्याच्या पुढची ही पारदर्शक काच सरासरी 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. लेसर तिचाच थोडा भाग कमी करून तिला नवा आकार देतो, आणि गेलेला भाग परत भरून येत नाही. त्यामुळे मैत्रिणीचा −6 गेला म्हणून तुमचा −4 जाईलच, असं नाही.

तपासणीला जाण्याआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद करा. साधी सॉफ्ट लेन्स किमान एक आठवडा, सिलिंडरची (कॉर्नियाच्या असमान गोलाईच्या नंबराची) दोन आठवडे, सेमीसॉफ्ट असेल तर तीन ते चार आठवडे. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार बदललेला असतो. आदल्या दिवशी लेन्स काढून गेलात तर मोजमाप कॉर्नियाचं नव्हे, त्या ठशाचं होतं. जुने चष्म्याचे कागद बरोबर न्या. गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्याहून जास्त हललेला नसावा. वयाची किमान अट 18 असली, तरी विशीच्या सुरुवातीला ज्यांचा नंबर अजून वाढतोय त्यांनी थांबावं. लेसर आजचा नंबर काढतो, पुढे वाढणारा नाही.

आता हिशोब. लेसर 6.5 मिलिमीटर व्यासाच्या भागावर चालवला, तर एका नंबरामागे साधारण 14 मायक्रॉन जातात. 6 मिलिमीटरला 12. मायनस सिलिंडर असेल तर तो नंबरात मिळवून धरा: −4 आणि सिलिंडर −1, म्हणजे हिशोबाला 5. लेसिकमध्ये वरचा पापुद्रा, ज्याला फ्लॅप म्हणतात, तो सुमारे 110 मायक्रॉनचा. जाडी 540 असेल तर 110 फ्लॅपचे आणि 70 लेसरचे वजा करून खाली 360 उरतात. उत्तम. पण जाडी 490 आणि नंबर −8 असेल तर? 110 अधिक 112, म्हणजे 222 गेले, उरले 268. किमान 250 उरले पाहिजेत हा जुना नियम इथे पाळला जातो, म्हणून कागदावर चालतं. तरीही जाडीचा 45 टक्के भाग कामी आला, आणि 40 टक्क्यांच्या पुढे धोका वाढतो. डोळ्याच्या आतला दाब हा उरलेला थरच पेलत असतो. तो कमजोर झाला की काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कॉर्निया पुढे फुगू शकतो. त्याला एक्टेशिया म्हणतात. अशा डोळ्याला ‘नको’ म्हणणारा डॉक्टर चांगला समजावा. नंबर मोठा आणि कॉर्निया पातळ असेल, तर डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स हा वेगळा मार्ग असतो.

थर वाचवण्यासाठी लेसरचा व्यास कमी करू, असं कोणी सुचवलं तर रात्रीचं काय, ते विचारा. अंधारात बाहुली मोठी होते, तिच्या कडेचा प्रकाश लेसर न झालेल्या भागातून येतो आणि समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात.

जाडीइतकाच महत्त्वाचा कॉर्नियाचा रंगीत नकाशा. गरम रंग म्हणजे जास्त वक्रता. वरचा आणि खालचा अर्धा भाग साधारण सारखा दिसायला हवा. फक्त खालीच लाल-केशरी फुगवटा दिसला तर केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची, शंका घेतात, आणि तिथे लेसिक नाही. साधं टोपोग्राफी यंत्र कॉर्नियाची फक्त पुढची बाजू पाहतं. पेंटाकॅमसारखं यंत्र मागचीही पाहतं, आणि हा आजार बऱ्याचदा मागूनच सुरू होतो. डोळे खाजतात म्हणून कचकचून चोळायची सवय असेल, किंवा सिलिंडर दरवर्षी वाढत असेल, तर हे आपणहून सांगा. कुणी विचारेलच, याची वाट पाहू नका.

अश्रूंची तपासणी राहून जाते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. ती 10 मिलिमीटरपर्यंतही भिजली नाही तर डोळा कोरडा धरतात. लेसिकमध्ये कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून कोरडेपणा काही महिने वाढतोच. आधी त्यावर उपचार, मग लेसर. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, संधिवात किंवा ल्युपस असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. बाहुली मोठी करून पडदाही तपासून घ्या. मोठ्या मायनस नंबरात पडदा कडेला विरळ झालेला असू शकतो, आणि लेसिकने तो धोका जात नाही. त्या दिवशी गाडी स्वतः चालवत जाऊ नका.

लेसर शस्त्रक्रियेच्या प्रकारांच्या नावांत फार गुंतू नका. लेसिकमध्ये फ्लॅप, स्माईलमध्ये दोन ते चार मिलिमीटरची चीर, पीआरकेमध्ये दोन्ही नाही. पण तीन दिवस चांगलं दुखतं आणि नजर हळूहळू येते. कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग खेळणाऱ्यांनी फ्लॅप टाळावा, तो वर्षांनंतरही मारामुळे सरकू शकतो.

चाळिशीच्या आसपास असाल तर एक गोष्ट आधी करून पाहा. −2 वाल्याला चष्मा काढला की सुईत दोरा ओवता येतो. लेसिकनंतर ही सोय जाते आणि चाळिशी लागते. आठवडाभर दूरच्या नंबराची लेन्स घालून वर्तमानपत्र वाचा, म्हणजे काय गमावणार ते कळेल.

नोकरीचंही बघा. रेल्वेच्या लोको पायलट भरतीत लेसिक केलेला उमेदवार बाद होतो; सैन्यदलांचे नियम प्रवेशानुसार वेगळे असतात. त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय डोळ्याला हात लावू देऊ नका. आरोग्य विमा 7.5 पेक्षा कमी नंबराचा खर्च सहसा देत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी अत्तर, डिओ, काजळ नको. भूल थेंबांचीच. डोळा स्थिर धरणारी पकड बसताना दाब जाणवतो आणि काही सेकंद अंधारून येतं. मग जळक्या केसांसारखा वास येतो. तो घाबरण्याचा नाही. फक्त दिव्याकडे पाहत राहा.

त्यानंतर चार-सहा तास डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतं. घरी जाऊन झोपा. आठवडाभर रात्री डोळ्यांवर पारदर्शक कवच, डोक्यावरून अंघोळ नाही, डोळे चोळणं अजिबात नाही. पोहणं महिनाभर बंद. होळी किंवा गणपती विसर्जन जवळ असेल तर तारीखच पुढे ढकला, गुलाल आणि ताजा फ्लॅप यांचं जमत नाही. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली. थेंब वेगवेगळे असतील तर दोहोंत पाच मिनिटं सोडा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. स्टेरॉइडचे थेंब मनाने बंदही करू नका आणि लांबवूही नका. लांबवले तर डोळ्याचा दाब वाढतो. दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, लाली आली किंवा काल दिसत होतं ते आज धूसर झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

शेवटी फाइल मागून घ्या: आधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता, जाडी, आधीचा डोळ्याचा दाब, किती मायक्रॉन काढले. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर नेहमीच्या सूत्राने चुकतो, आणि पातळ कॉर्नियावर दाब खराहून कमी दिसतो, म्हणून काचबिंदू निसटू शकतो. वीस वर्षांनी तुमचा डॉक्टर वेगळा असेल. कागदाची एक प्रत घरात आणि एक फोटो मोबाइलबाहेर कुठेतरी ठेवा.