नव्या घरातले पडदे: दांडा घरी करा, पण आधी भिंत ओळखा

परदेशात नव्याने आलेल्या कुटुंबांना घर लावायला मदत करायला मी बरीच वर्षं जातो. जवळजवळ प्रत्येक घरात पहिला महिना खिडकीवर चादर चिकटपट्टीने लावलेली असते. रस्त्यावरचा दिवा रात्रभर डोळ्यांवर, तळमजला असेल तर येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आत, आणि पट्टी काढताना भिंतीचा रंग सोलून निघतो तो वेगळाच. ‘वर्षभरात घर बदलायचंय, कशाला खर्च?’ असं म्हणणारे आपलेच लोक त्याच घरात चार-चार वर्षं राहतात. पडदे पहिल्याच आठवड्यात लावा. दांडा विकतचा हवा असं नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगला दांडा म्हणजे वायरिंगसाठी मिळणारा पातळ, जस्त चढवलेला लोखंडी पाइप. तो पोकळ असूनही लाकडी काठीपेक्षा कमी वाकतो. पाऊण इंची म्हणून मिळणारा पाइप बाहेरून साधारण 23 मिमी भरतो, म्हणून रिंगा घ्यायला जाताना पाइपचा तुकडा सोबत न्या. हॅकसॉने कापलात तर तोंडाची धार कानशीने नीट मोडा, नाहीतर पडदा अडकून फाटतो. रंग द्यायचा असेल तर स्पिरिटने तेलकटपणा पुसा, पॉलिश पेपर हलका फिरवा आणि जस्तावर बसणारा प्रायमर आधी लावा. टोकांना ड्रॉवरची लाकडी मूठ किंवा बाटलीचं बूच बसतं. लाकडी गोल काठी चालते, पण ती निदान 28 मिमी जाडीची घ्या. प्लॅस्टिकचा पाइप घेऊ नका. तो वजनाखाली हळूहळू वाकतो आणि पडदा काढला तरी तसाच राहतो.

दांड्याला झोळ येतो तो लांबीमुळे. टेकू न देता लांबी दुप्पट केलीत, तर तोच पडदा लावूनही झोळ निदान 8 पट होतो. म्हणून दीड मीटरच्या वर गेलात की मध्ये एक टेकू द्याच. रिंगा त्या टेकूवरून पुढे जात नाहीत, पण दोन पडदे दोन बाजूंना ओढायचे असतात, त्यामुळे काही अडत नाही.

आता भिंतीचं. हे दोनदा वाचा.

विटांच्या भिंतीची सवय घेऊन मी इथे आलो. पहिल्या घरात भोक पाडलं, गिट्टी ठोकली, स्क्रू आवळला. स्क्रू घट्ट बसला असं वाटलं. तीन आठवड्यांनी मुलीने पडदा ओढला आणि तळहाताएवढा भिंतीचा तुकडा घेऊन दांडा खाली आला, तिच्या खांद्याला लागला. घर सोडताना दुरुस्तीचे पैसे डिपॉझिटमधून गेले. त्या पैशात साऱ्या घराचे पडदे झाले असते. त्यानंतर हीच चूक मी किमान सहा घरांत पाहिली आहे.

लाकडी सांगाड्याच्या घरांत भिंत म्हणजे दीडएक सेंटीमीटरचा जिप्सम बोर्ड असतो, मागे पोकळी. उभी लाकडं बहुधा 40 किंवा 60 सेंटीमीटर अंतरावर असतात. ती शोधायला लहानसा लोहचुंबक भिंतीवरून फिरवा. बोर्ड ज्या स्क्रूंनी लाकडाला धरलेला असतो त्यांच्यावर तो चिकटतो, आणि तसे ठिकाण वर-खाली सरळ रेषेत सापडले की लाकूड तिथेच. खिडकीच्या अगदी कडेला आणि वरही बहुतेक वेळा लाकूड मिळतं. पण ब्रॅकेट हवं तिथे लाकूड नसतंच, म्हणून मी एकच उपाय सांगतो: दोन सेंटीमीटर जाडीची, सात-आठ सेंटीमीटर रुंदीची लाकडी पट्टी दांड्याच्या लांबीइतकी घ्या, भिंतीच्याच रंगात रंगवा, आणि 65 मिमीच्या स्क्रूंनी मागच्या लाकडांत आवळा. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर पट्टी चिरते. मग ब्रॅकेट त्या पट्टीवर कुठेही लावा. स्विचच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नका, तिथून वायर गेलेली असते. याहून लांब स्क्रूही नको.

भिंत काँक्रीटची असेल तर हॅमर ड्रिल आणि गिट्टी, बाकी काही नाही.

ड्रिलला हात लावण्याआधी घरमालकाची परवानगी लेखी घ्या. तोंडी ‘हो’ला घर सोडताना किंमत नसते. इथले लोक याबाबत चोख असतात आणि मला ते पटतं: विचारलंत तर सहसा नाही म्हणत नाहीत, न विचारता केलंत तर प्रत्येक भोक मोजतात. परवानगी मिळालीच नाही तर खिडकीच्या चौकटीत अडकणारा स्प्रिंगचा दांडा घ्या, पण त्यावर पातळ पडदाच टांगा.

मापं: दांडा चौकटीपेक्षा दोन्हीकडे 15-20 सेंटीमीटर जास्त, म्हणजे उघडलेला पडदा काच झाकत नाही. कापडाची रुंदी दांड्याच्या दीडपट ते दुप्पट. खिडकीखाली हीटर असेल तर पडदा हीटरच्या वरच संपवा. लांब पडदा गरम हवा काचेकडे अडवतो आणि खोली गारच राहते. विजेचा हीटर असेल तर कापड त्याच्या जवळपासही येऊ देऊ नका.