घरी अंगाचा साबण करताना या चुका टाळा

हळद लाल झालेली पाहून सांगलीच्या माणसाला खरं तर नवल वाटू नये. क्षार लागला की हळद लाल होते, कुंकू याच गुणावर होत आलं आहे. तरीही साबणाच्या मिश्रणात अर्धा चमचा हळद घातली आणि ते विटेसारखं लाल झालं, की आमच्याकडे शिकायला येणाऱ्या बायका घाबरतात, सगळं ओतून द्यायला निघतात. ओतू नका. ओल्या मिश्रणात तेलाचा साबण करणारा क्षार, म्हणजे कॉस्टिक सोडा, जोरात असतो, म्हणून तो रंग येतो. वडी मुरेल तसा तो नारंगी-पिवळ्याकडे वळतो. उन्हात ठेवली तर फिका पडतो, म्हणून वड्या सावलीतच ठेवायच्या.

याहून फसवी चूक म्हणजे तयार वडीवर हळद लावून ती लाल झाली की ‘कॉस्टिक जास्त झालं’ असं ठरवणं. चांगला मुरलेला साबणही क्षारधर्मीच असतो, त्याचा सामू (pH) ९ ते १० च्या आसपास राहतो. साडीवरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो तो त्याचमुळे. हळद त्यावर लाल होणारच. साबण जमणार की बिघडणार हे आधीच ठरतं, आणि ते वजनकाट्यावर ठरतं.

स्वयंपाकात आपला हात अंदाजाला सरावलेला असतो, आणि इथे तीच सवय नडते. माझी पहिली खेप अशीच गेली. १ लिटर खोबरेल म्हणजे १ किलो धरून मी १७४ ग्रॅम कॉस्टिक सोडा घातला. वड्या कापताना चुरल्या, हाताला चुरचुर सुटली. नंतर पिशवीवर वाचलं: निव्वळ वजन ९१० ग्रॅम. तेवढं खोबरेल पूर्ण जिरायला साधारण १६६ ग्रॅम कॉस्टिक पुरतं. म्हणजे जवळपास ८ ग्रॅम कॉस्टिक साबणात मोकळं राहिलं होतं. कमी पडलेलं ९० ग्रॅम तेल मोजून घेतलं, वड्या किसल्या, थोडं पाणी शिंपडून स्टीलच्या डब्यात उकळत्या पाण्यावर मऊ केल्या, तेल घोटून घातलं आणि पुन्हा साच्यात दाबल्या. दिसायला ओबडधोबड, पण साबण वाचला. किती चुकलं हे आकड्यात माहीत होतं म्हणूनच वाचला.

प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक वेगळी. १ ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम, शेंगतेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. मी २०० ग्रॅम खोबरेल, २५० ग्रॅम शेंगतेल आणि ५० ग्रॅम एरंडेल घेते. हिशोब ७७ ग्रॅमचा येतो. त्यातले ५ टक्के कमी करून ७३ ग्रॅम कॉस्टिक घालते, म्हणजे थोडं तेल मोकळं राहून कातडी कोरडी पडत नाही. पाणी दुप्पट, १४६ ग्रॅम. खोबरेल महाग झालं म्हणून त्याच्या जागी सगळं शेंगतेलच घातलं तर कॉस्टिक ६४ ग्रॅमच लागतं. तेल बदलून आकडा तोच ठेवला की साबण अंगाला झोंबतो.

आता कॉस्टिकबद्दल, आणि हे मनापासून सांगते. पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच, खिडकी उघडी हवी, लेकरं खोलीबाहेर हवीत. अंगावर उडालं तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नका, १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. जर्मनचं पातेलं अजिबात घेऊ नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. स्टीलचं भांडं घ्या. मोरी तुंबल्यावर टाकायची पावडर कॉस्टिकच्या जागी चालत नाही, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात. उघड्या पुडीतलं कॉस्टिक हवेतली ओल शोषून जोर गमावतं, मग आकडा बरोबर असूनही वडी मऊच राहते.

पाणी बोअरचं वापरू नका. त्यातला चुना साबणाशी मिळून दह्यासारखे कण करतो. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. अंघोळीलाही बोअरचंच पाणी असेल तर फेस बसतो आणि बादलीला मळकट थर धरतो. त्यावर वरच्या मापाला ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड उपयोगी पडतं. ते आधी साबणाच्या पाण्यात विरघळवायचं आणि कॉस्टिक सुमारे ३ ग्रॅम वाढवायचं, कारण तेवढं ते स्वतःच खातं.

घोटताना घाई होते. मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं आणि वरून सोडलेली धार क्षणभर रेघ धरून राहिली की साच्यात ओता. खोबरेल गार पडून नुसतंच थिजलं तरी मिश्रण घट्ट वाटतं, आणि मग साच्यात तेल वेगळं सुटतं. तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ४० अंशांच्या आसपास असू द्या. गूळ, मध किंवा दूध घातलं असेल तर साचा टॉवेलात गुंडाळू नका. साखरेमुळे मिश्रण तापून मधोमध फुगतं, फुटतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घालून गुलाबी साबण करायची इच्छा पुष्कळांना होते. गर तपकिरी पडतो, हौस वाया जाते.

वडीवर आलेली पांढरी पूड बहुधा धुण्याच्या सोड्याचीच असते. ओल्या फडक्यानं पुसा. दोन-तीन महिन्यांनी नारंगी ठिपके आणि जुन्या तेलाचा वास येऊ लागला तर तेल खवट झालंय. घाण्याचं करडई तेल आपल्याकडे सहज मिळतं, पण ते लवकर खवट होतं, म्हणून एकूण तेलाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नका. विकायचा विचार असेल तर आधी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना बघा, अंगाचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात मोडतो.

मुरायला ४ ते ६ आठवडे लागतात. पावसाळ्यात, विशेषतः जावळी-पाटणकडच्या दमट हवेत, याहून जास्त. तारखेवर जाऊ नका. खेपेतली एक वडी बाजूला ठेवा, दर रविवारी तोला आणि वजन लिहून ठेवा. पाणी उडतंय तोवर आकडा घटत राहील. लागोपाठ दोन रविवार काटा तोच आकडा दाखवू लागला की ती वडी न्हाणीत न्या.