स्पीकर निवडताना घरच्यांचे कान कसे वापरावेत

स्पीकर घ्यायचा विषय निघाला की आई म्हणते, "मला त्यातलं काही कळत नाही, तूच बघ." मी तिलाच आधी ऐकायला बसवतो. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी 2003 साली चार स्पीकरांच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात तयार कानाचे 12 श्रोते होते आणि प्रशिक्षण न घेतलेले 256. तयार कानांचे गुण जास्त काटेकोर निघाले, पण पसंती साधारण सगळ्यांची सारखीच आली. न शिकलेल्या कानाची आवड खरी असते, फक्त तिचं कारण त्याला सांगता येत नाही. ते काढून घेणं आपलं काम.

दोन जोड्यांतून निवडायचं असेल तर प्रत्येकीतला एकेकच स्पीकर लावा. एकट्याचे दोष लवकर कानावर येतात. दोन्ही शेजारी-शेजारी, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवा आणि पुढे पातळ मलमलची ओढणी टांगा. ही ओढणी टाळू नका. देखणी लाकडी पेटी दिसली की आवाजही गोड वाटायला लागतो.

मग दोन्हींवर पिंक नॉइज (खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर असलेला सलग खरखरीसारखा आवाज) लावून, बसायच्या जागी मोबाइलच्या डेसिबल मीटरवर आकडे जुळवा. फरक अर्ध्या डेसिबलच्या आत हवा. किंचित मोठा वाजणारा स्पीकर ऐकणाऱ्याला मोठा वाटत नाही, "खुललेला" वाटतो.

एकेकाला वेगळं बसवा. आमच्याकडे काका बोलले की बाकीचे माना डोलावतात. "बास कसा वाटला?" असं विचारू नका. कोणता आवडला आणि दुसऱ्यात नेमकं कुठे खटकलं, एवढंच विचारा. त्या जागेवर गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकवा.

तबला ऐकताना आई एकदा म्हणाली, "डग्गा सगळा एकाच सुरात बोलतोय." अगदी बरोबर! मनगटाच्या दाबाने डग्ग्याचा सूर चढतो, ती मींडच गायब होती. स्पीकर कोपऱ्याला चिकटलेला, त्यामुळे खोलीचा एकच खालचा सूर फुगत होता. दीड-दोन फूट पुढे ओढल्यावर मींड ऐकू आली. म्हणून "घुमतंय" असं कोणी म्हटलं की आधी जागा बदला. "डब्यातून आल्यासारखं" म्हणजे बहुधा 300 ते 600 हर्ट्झच्या (हे सुराच्या उंचीचं माप) आसपासचे सूर जास्त उठताहेत. "टोचतंय" म्हटलं की 2 ते 5 किलोहर्ट्झकडे बघा. फक्त "स", "श" बोचत असतील तर त्याच्याही वर. "दबलेला" वाटला तर स्पीकर ऐकणाऱ्याकडे वळवून बघा.

शेवटी, न सांगता दोघांच्या जागांची अदलाबदल करून दुसरी फेरी घ्या. निवड तीच राहिली तर पैसे भरा. बदलली तर फरक बहुधा जागेचा होता. स्वस्त जोडी घ्या.