दिव्यांग संस्थेच्या कार्यकारिणीवर जाताय? आधी दप्तर मागा

निवृत्त मुख्याध्यापक, औषध दुकानदार, चार लोकांत ऊठबस असलेला कास्तकार. तालुक्याला बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळा किंवा कार्यशाळा चालवणाऱ्या संस्थेचं अध्यक्षपद सहसा अशांकडेच चालून येतं. "भाऊ, फक्त सही करायची आहे," असं सांगितलं जातं. मानधन नसतं हे खरं, पण जबाबदारी पगारी माणसापेक्षा जास्त असते. म्हणून होकार देण्याआधी दप्तर मागा.

काय मागायचं? संस्थेची घटना, झालेल्या दुरुस्त्यांसह. धर्मादाय कार्यालयातली परिशिष्ट 1 ची, म्हणजे संस्थेचे विश्वस्त आणि मालमत्ता यांच्या सरकारी नोंदीची, ताजी नक्कल. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. दिव्यांग हक्क कायदा 2016 खालचं नोंदणी प्रमाणपत्र, आणि ते कधी संपतं ती तारीख. विशेष शिक्षकांचे भारतीय पुनर्वास परिषदेचे नोंदणी क्रमांक आणि त्यांची मुदत. सगळ्या बँक खात्यांची यादी, सह्या कोणाच्या आहेत त्यासह. आठ दिवसांत हे समोर आलं नाही, तर पद घेऊ नका.

यात परिशिष्ट 1 सगळ्यांत बोलकं. त्यावर दहा वर्षांपूर्वी वारलेल्या अध्यक्षाचं नाव अजून असेल, तर मधल्या सगळ्या निवडी कागदावर झालेल्याच नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त बदलला, जमीन आली किंवा गेली, की 90 दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहतो कारण धर्मादाय कार्यालयाच्या चकरा कोणालाच नको असतात. मग बँक नवीन सह्या घेत नाही, अनुदानाचा प्रस्ताव परत येतो आणि एखादा नाराज जुना सभासद स्वतःची वेगळी कार्यकारिणी दाखल करतो. त्यानंतर वर्षानुवर्षं तारखा. पहिल्या सभेचा पहिला विषय हाच ठेवा. उशीर झाला असेल तर विलंब माफीच्या अर्जासह द्या, पण द्या.

मंडळात कोण हवं

पालक हवेतच, निदान दोन, आणि त्यातली एक आई. जमत असेल तर एक दिव्यांग व्यक्तीही. हिशेब कळणारा एक आणि मुलांच्या औषधोपचाराची जाण असलेला एक. मेळघाटात कोरकू आणि एटापल्ली-भामरागडकडे माडिया-गोंडी बोलणारा माणूस नसेल, तर अर्ध्या घरांचं म्हणणं मंडळापर्यंत पोचतच नाही. मजुरीवर जाणाऱ्या पालकाला बसभाडं आणि बुडालेली रोजी द्यायचा नियम आधीच ठरावाने करा, नाहीतर तो दोन सभांनंतर येणं बंद करेल आणि "पालकांना रस नाही" असा शेरा तेवढा उरेल. त्याच्याच लेकराच्या शुल्काचा किंवा प्रवेशाचा विषय आला, की त्याने बाहेर बसायचं. अध्यक्षाच्या मुलाच्या नेमणुकीला आणि सचिवाच्या भावाच्या किराणा बिलालाही तोच नियम.

सभा

तीन महिन्यांतून एक सभा पुरते. मृगाच्या पेरणीत आणि सोयाबीन निघत असताना ठेवलीत तर गणपूर्ती होणार नाही. बाजाराचा दिवसही टाळा. नोटीस किती दिवस आधी हे घटनेत लिहिलेलं असतं, ते पाळा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तरी नोंदवहीत पोच घ्या.

इतिवृत्त लांबलचक नको, पण ठराव असा हवा: "ठराव क्र. 4: वाहनाच्या टायरसाठी रु. 18,000 पर्यंत खर्चास मंजुरी. तीन दरपत्रके पाहिली. सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर." कोण, किती, कशावरून हे त्यात आलं पाहिजे. "सविस्तर चर्चा झाली" या वाक्याचा लेखापरीक्षकाला काही उपयोग नाही. पान कोरं सोडून नंतर भरायची सवय असेल तर ती त्याच दिवशी बंद करा.

पैसा

कपाटात सही केलेल्या कोऱ्या धनादेशांचं पुस्तक सापडतं, कारण अध्यक्ष चाळीस किलोमीटरवर राहतो. ते रद्द करा. तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या, आणि त्यातला एक तालुक्यातच राहणारा, असा ठराव केला की अडचण मिटते. पगार खात्यावरच द्या. कमी रक्कम देऊन जास्तीच्या आकड्यावर सही घेण्याचा प्रकार संस्था बुडवतो. दरमहा पासबुक आणि रोकडवही कोषाध्यक्षाने नव्हे, दुसऱ्या एका सदस्याने ताडून पाहावी.

अनुदान उशिरा येणार हे गृहीत धरा. तीन महिन्यांच्या पगाराएवढी ठेव असावी, आणि ती अनुसूचित बँकेत किंवा पोस्टात. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी ओळखीच्या पतसंस्थेत नको. विश्वस्त निधी कुठे गुंतवायचा हे विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 35 ने ठरवून दिलं आहे. लेखापरीक्षण 30 सप्टेंबरच्या आत उरकावं. दोन हजारांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला आयकरातली सूट मिळत नाही, हे पावती फाडण्याआधीच त्याला सांगा. दान मिळालेलं वावर सातबाऱ्यावर संस्थेच्या नावे चढलं का, हे स्वतः पाहा.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी असतात. ग्रामसभेत भाषण करून ते मिळत नाहीत. त्या गावातल्या मुलांची नावं आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक लिहिलेला अर्ज महिनाभर आधी देऊन पोच घ्या.

मुलांची सुरक्षितता

रोजचं काम मुख्याध्यापकाचं आहे. वर्गात जाऊन शिक्षकाला सूचना देणं मंडळाचं काम नाही. पण काही प्रश्न मंडळानेच विचारायचे. फिट्सची औषधं कोणाच्या कुलपात असतात, आणि दिलेल्या प्रत्येक डोसची नोंद वेळेसह होते का? फिट पाच मिनिटांवर गेली की 108 ला फोन, हे चालकापासून स्वयंपाकीणबाईपर्यंत सगळ्यांना पाठ आहे का? विदर्भाच्या उन्हाळ्यात आणखी एक: फिट्सवरच्या टोपिरामेटसारख्या काही औषधांनी घाम कमी येतो, आणि त्या मुलाला ऊन लवकर लागतं. त्याला तहान सांगता येत नसेल तर धोका दुप्पट. मार्चमध्येच डॉक्टरांकडून अशा मुलांची यादी करून घ्या. शाळा सकाळची करा, कूलरला इन्व्हर्टर जोडा, ठरल्या वेळी पाणी पाजा.

अठराखालच्या मुलाबाबत लैंगिक अत्याचाराची शंका आली, की "आधी आपसांत चौकशी करू" हा शब्द तोंडून निघता कामा नये. पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या, कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला शिक्षा आहे. संस्थेची बदनामी होईल हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

अठरानंतर

शाळा संपते, मूल घरी बसतं, आणि आई-बाप म्हातारे होतात. पद्मश्री शंकरबाबा पापळकर अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरहून अनाथ दिव्यांगांसाठी हाच प्रश्न वर्षानुवर्षं मांडत आले. मंडळाने पुढच्या दोन वर्षांत अठरा पूर्ण करणाऱ्यांची यादी दर सभेत वाचावी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. पालकत्व मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, हे घरच्यांना सांगा. बाप वारल्यावर वारसाच्या फेरफारातून नेमकं याच लेकराचं नाव गळतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचं एक लाखापर्यंतचं संरक्षण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते संस्थेतल्या एकाच माणसाकडे सोपवा.

पद सोडताना

किल्ल्या आणि शिक्के यादी करून द्यायचे हे सगळ्यांना माहीत असतं. अडकतं ते मोबाईलवर. आयकर, दर्पण (स्वयंसेवी संस्थांची सरकारी नोंदणी) आणि शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर जुन्या सचिवाचा खासगी नंबर टाकलेला असतो, आणि रुसलेला माणूस ओटीपी सांगत नाही. संस्थेच्या नावाने वेगळं सिमकार्ड घ्या, ते कार्यालयाच्या फोनमध्ये ठेवा, आणि प्रत्येक पोर्टलवर जुन्याच्या जागी हा नंबर टाकून झाल्यावरच मावळत्या सचिवाला निरोपाचा नारळ द्या.